तुम्ही विचारलंत म्हणून: जिन्न म्हणजे भूत का?

"बाई, तुमच्यातले जिन्न म्हणजे भूतच ना?" भुसावळात शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. मधल्या सुट्टीत मुली विचारतात, शिक्षक खोलीत एखादी सहकारी आवाज खाली आणून विचारते, शेजारच्या काकू पापड लाटता लाटता विचारतात. गुरुवारी दर्ग्यावर कुणाला घुमताना पाहून आलेलं माणूस तर हमखास विचारतं. मी मुसलमान आणि शिकवते मराठी, म्हणून विचारायला सोपी पडत असेन. तुम्हीही विचारलंत, तर नीटच सांगते.

जिन्न म्हणजे भूत नव्हे. भूत हे कधीकाळी माणूस होतं, असं तुम्ही मानता. इच्छा राहून गेलेला, विहिरीत पडलेली, बाळंतपणात गेलेली. खवीस म्हणजे मुसलमानाचं भूत, असंही आपल्याकडे सांगतात. पण इस्लामात मेलेलं माणूस परत येत नाही. कुरआनच्या 23व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, म्हटलंय, की मेलेल्यांच्या आणि या जगाच्या मध्ये बरजखचा आडपडदा आहे आणि तो पुन्हा उठवलं जाण्याच्या दिवसापर्यंत राहणार आहे. तेव्हा माझ्या अब्बांची रूह चिंचेवर येऊन बसेल, हे माझ्या श्रद्धेत बसतच नाही. जिन्न कधीच माणूस नव्हता. ती वेगळी निर्मिती आहे, आणि कुरआनच सांगतो की माणसाच्या आधीची.

तरी दोन्हींची सरमिसळ झाली, याचं मला नवल वाटत नाही. खानदेशात फारुकी सुलतानांची राजवट 1382 ते 1601 अशी दोनशे वर्षांहून जास्त होती. आधी थाळनेर, मग बऱ्हाणपूर. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीच्या सोबतीनं संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. इतका जुना शेजार असल्यावर गोष्टी कुंपण ओलांडणारच. मुंजा आणि चकवा आमच्या अंगणात आले, जिन्न तुमच्या ओसरीवर गेला. माझी नानी दोन्हींच्या गोष्टी एकाच दमात सांगायची. गोष्ट म्हणून मला त्या फार आवडायच्या. पण श्रद्धा काय आहे, हे विचाराल तर ग्रंथाकडे जावं लागतं.

सूरह रहमानमध्ये म्हटलंय: माणूस घडवला खापरासारख्या वाजणाऱ्या मातीपासून आणि जिन्न घडवला धूर नसलेल्या ज्वाळेपासून. दुसऱ्या एका ठिकाणी शब्द येतो "नारे समूम", होरपळून टाकणाऱ्या वाऱ्याची आग. हे मी मुलींना सांगते तेव्हा मे महिन्यातली दुपार दाखवते. पारा 45च्या वर गेलेला असतो, रेल्वेच्या रुळांवर हवा थरथरत असते, जाळ कुठे दिसत नाही, धूर नाही, आणि चेहरा मात्र भाजून निघतो. तसलं काहीतरी, एवढंच मनात आणायचं. त्याहून पुढे जाऊन शिंगं, उलटे पाय, हिरवे डोळे असलं वर्णन कुरआन करत नाही. ते आपल्याला पाहतात आणि आपण त्यांना पाहू शकत नाही, इतकं सांगून तो थांबतो.

बाकी आयुष्य त्यांचं आपल्यासारखंच. खातात, पितात, त्यांना मुलंबाळं होतात, ते मरतात. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदींमध्ये, हाड आणि शेण ही त्यांची आणि त्यांच्या जनावरांची शिदोरी सांगितली आहे, म्हणून हाडानं शौचशुद्धी करायची मनाई आहे. आणि तिथे त्यांना म्हटलंय "तुमचे भाऊ". हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या नावानं लहान मुलांना भीती घालतात, त्याची शिदोरी खराब करू नका, असं पैगंबर सांगतात.

सगळ्यात मोठी गोष्ट ही, की जिन्नांवर जबाबदारी आहे. माणूस आणि जिन्न दोघांनाही आपल्या इबादतीसाठी निर्माण केलं, असं अल्लाह 51व्या सूरेत म्हणतो. त्यांनाही बरं-वाईट निवडायचं स्वातंत्र्य आहे, त्यांचाही हिशेब होणार आहे, त्यांनाही जन्नत आणि जहन्नम आहे. इब्लीस, म्हणजे सैतान, कुरआनच्या म्हणण्याप्रमाणे जिन्नांपैकीच. "मी आगीचा, हा मातीचा" म्हणून त्यानं आदमपुढे झुकायला नकार दिला. स्वतःच्या जातीचा गर्व हे त्याचं पाप, आणि ते त्यानं स्वतः निवडलेलं. म्हणून सगळे जिन्न सैतान असतात, हेही खरं नाही.

कुरआनातली 72वी सूरह जिन्नांच्याच नावाची आहे. 28 आयती. मक्केतली. तुम्ही अनुवाद तरी वाचाच. जिन्नांची एक टोळी कुरआनचं पठण ऐकते आणि म्हणते, आम्ही एक अद्भुत पठण ऐकलं, ते सरळ वाट दाखवतं, आम्ही त्यावर ईमान आणलं. मग त्यांचंच बोलणं चालू राहतं. आमच्यातले काही नेक आहेत, काही तसे नाहीत, आम्ही वेगवेगळ्या वाटांनी गेलेले आहोत. आम्ही आकाशाकडे जाऊन कान लावायचो, आता तिथे पहारा आहे, ज्वाळा आहेत. पृथ्वीवरच्यांचं वाईट व्हायचंय की त्यांच्या पालनकर्त्यानं त्यांचं भलं योजलंय, आम्हाला कळत नाही. भित्री, जिज्ञासू, आपापसात मतभेद असलेली, सत्य ऐकून हललेली अशी ही प्रजा. हे वाचल्यावर त्यांच्याबद्दल माझ्या मनात भीतीपेक्षा आपुलकी जास्त येते.

सूरह रहमानमध्ये "तुम्ही दोघे आपल्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या देणग्या नाकाराल?" हा प्रश्न 31 वेळा येतो. दोघे म्हणजे माणूस आणि जिन्न. तिर्मिझीच्या संग्रहात एक हदीस आहे. पैगंबरांनी ही सूरह सोबत्यांना वाचून दाखवली, ते गप्प राहिले. तेव्हा पैगंबर म्हणाले, हीच मी जिन्नांना ऐकवली तेव्हा त्यांनी तुमच्यापेक्षा चांगलं उत्तर दिलं. दर वेळी ते म्हणाले, हे आमच्या रब, तुझी कोणतीही देणगी आम्ही नाकारत नाही. आता सांगा, यात भूत कुठे आहे?

आणि त्यांना भविष्य कळत नाही. हे मी प्रत्येकाला थांबवून सांगते, कारण सगळी फसवणूक इथेच होते. हजरत सुलेमानांच्या, म्हणजे बायबलमधल्या राजा सॉलोमनच्या, हाताखाली जिन्न राबायचे: मेहराबी, हौदाएवढ्या पराती, जागचे हलणार नाहीत असले प्रचंड हंडे. सुलेमान काठीवर रेलून उभे असतानाच वारले. जिन्न समजले, मालक उभा आहे, आणि राबत राहिले. जमिनीतल्या एका किड्यानं ती काठी पोखरली, सुलेमान कोसळले, तेव्हा कुठे त्यांना कळलं. 34व्या सूरेत आहे हे. आयत म्हणते, त्यांना गैब, म्हणजे दृष्टीआडचं, ठाऊक असतं तर ते त्या मानहानीच्या कष्टात अडकून राहिले नसते. बहुतेक भाष्यकार त्या किड्याला वाळवी म्हणतात. आपल्याकडे घराच्या तुळईपासून शेतातल्या खांबापर्यंत उधई काय करते, हे खानदेशातल्या कुणाला सांगायला नको. डोळ्यांसमोर उभा असलेला माणूस जिवंत आहे की मेलाय, हे ज्यांना उधईच्या आधी कळलं नाही, ते तुमच्या मुलीचं लग्न कधी जुळेल ते सांगणार?

आता अंगात शिरण्याचं. यावर आलिमांमध्ये, म्हणजे धर्मपंडितांमध्ये, जुना मतभेद आहे. मुतझिला पंथाचे विचारवंत म्हणायचे, जिन्न माणसाच्या शरीरात शिरूच शकत नाही. 1328 साली वारलेले इब्न तैमिया ठामपणे म्हणायचे, शिरतो. अहले सुन्नतचे, म्हणजे सुन्नी, बहुतेक आलिम दुसऱ्या बाजूचे आहेत, आणि मी त्यांच्याशी वाद घालायला बसलेली नाही. पण "शिरू शकतो" यावरून "हिच्यात शिरलाय" हे कुणी ठरवायचं? तिथे मात्र मी भांडते.

माझ्या नात्यातली एक मुलगी, यावल तालुक्यातल्या एका गावातली. वयात येताना तिला झटके यायला लागले. दातखिळी बसायची, फेस यायचा. एका माणसानं सांगितलं, जिन्न आशिक झालाय. मग मिरचीची धुरी, केस धरून हलवणं, छडी. घरातलं सोनं गेलं, बकऱ्या गेल्या. पोर वाळून गेली. शेवटी तिच्या मामानं हट्टानं तिला जळगावला डॉक्टरांकडे नेलं. मेंदूचा आलेख काढला, मिरगी निघाली, गोळ्या सुरू झाल्या आणि झटके आटोक्यात आले. ती मुलगी अजून मिरचीचा खाट सहन करू शकत नाही, फोडणीच्या वेळी घराबाहेर जाते.

बुखारीच्या संग्रहात मिरगीच्याच एका बाईची हदीस आहे. ती पैगंबरांकडे आली आणि म्हणाली, मला झटके येतात आणि माझे कपडे सरकतात, माझ्यासाठी दुआ करा. ते म्हणाले, हवं तर सब्र कर, तुला जन्नत आहे. हवं तर तू बरी व्हावीस म्हणून मी दुआ करतो. ती म्हणाली, सब्र करते, पण अंग उघडं पडू नये एवढी दुआ करा. त्यांनी केली. या सबंध कथनात जिन्नाचं नाव नाही. धुरी नाही, छडी नाही. एका आजारी बाईची लाज राखली जाते, एवढंच घडतं. त्याच बुखारीत आहे, की अल्लाहनं औषध पाठवल्याशिवाय कोणताही आजार पाठवलेला नाही. पोरींना मारणाऱ्यांनी या दोन हदीस कधी वाचल्या नसतील का? वाचल्या असतील, असं वाटलं की मला जास्तच राग येतो.

मग दुआ करायची नाही का? करायची. मगरिबच्या नमाजनंतर मशिदीच्या दाराशी बाया लेकरं घेऊन उभ्या असतात, त्यात हिंदू आयाही असतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. बाहेर पडणारा नमाजी फलक आणि नास या कुरआनच्या शेवटच्या दोन सूरह म्हणून लेकरावर फुंकर मारतो आणि आपल्या वाटेनं जातो. पैसे कुणी मागत नाही, जिन्नाचं नाव कुणी काढत नाही. त्या सूरहमध्ये पहाटेच्या रबचा आसरा मागितला आहे, आणि मनात कुजबुज करणारा जिन्नांतला असो वा माणसांतला, त्याच्यापासून. आयतुल कुर्सी तर प्रत्येक घरात पाठ असते. हे स्वतःचं स्वतः म्हणता येतं. भीतीपोटी जिन्नालाच साकडं घालायला मात्र मनाई आहे. 72वी सूरहच सांगते, काही माणसं जिन्नांचा आसरा घ्यायची आणि त्यानं त्यांची दशा आणखीच वाईट झाली.

कॉलेजातली मुलं वेगळंच विचारतात: जिन्न ताब्यात घेता येतो का? गाडीच्या डब्यात चिकटवलेल्या कागदांवर तसं लिहिलेलं असतं, खाली फोन नंबर. त्यांना मी बुखारीतलीच एक हदीस सांगते. एका रात्री एक इफ्रित, म्हणजे बलाढ्य जिन्न, पैगंबरांच्या नमाजीत विघ्न आणायला आला. त्यांनी त्याला धरलं. सकाळी सगळ्यांना पाहता यावा म्हणून मशिदीच्या खांबाला बांधावा, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांना सुलेमानांची दुआ आठवली, की माझ्यानंतर कुणालाही मिळणार नाही अशी सत्ता मला दे. आणि त्यांनी त्याला सोडून दिलं. जे पैगंबरांनी स्वतःकडे ठेवलं नाही, ते लॉजच्या खोलीत बसलेल्या माणसाकडे बाटलीत असेल?

हे ऐकल्यावर माझा एक जुना विद्यार्थी खाली मान घालून म्हणाला, बाई, मी पैसे दिलेत. त्याला मी विचारलं, पावती, मेसेज, फोनवरून पाठवल्याची नोंद काही आहे का? होती. महाराष्ट्रात 2013चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तो कोणत्याही धर्माच्या बाबाला लागू आहे. त्याच्या अब्बांना सोबत घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार अर्ज मी लिहून दिला, चांगल्या मराठीत, तीन पानी.