आईची सलग झोप

दादाने शिकागोहून फोनवर सांगितलं, "या वेळी आईला बिझनेस क्लासनेच आण, अर्धे पैसे माझे." आईचं वय ७६, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. कुठल्या मार्गाने जायचं हे ठरवायला मी पंधरा दिवस घेतले.

आधी फ्रँकफर्टमार्गे पाहिलं. मुंबई–फ्रँकफर्ट नऊ तास, पुढे शिकागोला साधारण तेवढेच. शिवाय तिकीट माणशी २२,००० रुपयांनी स्वस्त. पण तीन वर्षांपूर्वी आम्ही युरोपमार्गेच गेलो होतो. मध्यरात्रीनंतर निघायचं, जेवण होईस्तोवर तीन वाजतात आणि डोळा लागतो न लागतो तोच नाश्त्यासाठी दिवे लागतात. दुसऱ्या विमानात पुन्हा तेच. पोहोचलो तेव्हा आईचा उजवा पाय इतका सुजला होता की चप्पल चढेना. या वेळी तिला विचारलं, तर म्हणाली, "मला मध्ये उठवू नका, म्हणजे झालं."

तिथेच हिशोब बदलला. दोन मध्यम टप्प्यांपेक्षा एक छोटा आणि एक लांब टप्पा हवा, म्हणजे लांब टप्प्यात सात-आठ तास सलग झोप मिळते. म्हणजे आखातातून.

दुबईमार्गे जे विमान दाखवत होते, त्याच्या बिझनेस क्लासची मांडणी २-३-२ होती, म्हणजे एका ओळीत दोन, तीन, दोन खुर्च्या आणि मध्ये दोन वाटा. आई वाटेकडेला, मी खिडकीशी. म्हणजे रात्री उठायचं तर झोपलेल्या आईचे पाय ओलांडून जायचं. ते मला जमणार नाही. बिझनेस क्लास म्हटलं तरी विमानागणिक खुर्ची बदलते, म्हणून पैसे भरण्याआधी सीट मॅप उघडून बघाच.

शेवटी अबू धाबी घेतलं. मुंबईहून तीन-सव्वातीन तास, पुढे शिकागोपर्यंत चौदा-पंधरा. एतिहाद या विमान कंपनीच्या ए३५०-१००० विमानात मांडणी १-२-१, प्रत्येकाला थेट वाट, खुर्चीला सरकतं दार. पण माझं मन वळलं ते वेगळ्याच गोष्टीने. अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स अबू धाबीलाच होतं. ही सोय तिथे २०१४ पासून आहे. व्हिसाचे प्रश्न, बोटांचे ठसे, मेथीच्या लाडवांचा डबा उघडून दाखवायचा तर तोही, सगळं झोपेच्या आधी. शिकागोला देशांतर्गत प्रवाशांसारखं उतरून सरळ बॅगा घ्यायला जायचं. थकल्या पायांनी रांग नाही.

फक्त तिथे सुरक्षा तपासणी पुन्हा होते, त्यामुळे पावणेदोन तासांचं कनेक्शन सोडून चार तासांचं घेतलं. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर आहेत. आईबरोबर असताना वेगवेगळी तिकिटं जोडायचा धोका मी पत्करणार नाही.

मधल्या जोडीच्या खुर्च्या घेतल्यात, व्हीलचेअर नोंदवली आहे. अबू धाबीलाच पोटभर जेवून घ्यायचं, म्हणजे विमान वर गेलं की आईची गादी लगेच घालून देता येईल.