लागोसच्या बंदरातलं सिमेंट

जहाजांचे भाडेकरार आणि पतपत्रं (माल विकणाऱ्याला पैसे मिळतीलच अशी बँकेची लेखी हमी) तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. या धंद्यात नायजेरियाच्या सिमेंटचा किस्सा कधी ना कधी कानावर येतोच. सांगणारा शेवटी मोठ्याने हसतो, आणि मला त्या हसण्याचा राग येतो. किस्सा खराच आहे. फक्त तो अर्धा सांगितला जातो.

१९६७ ते १९७० अशी अडीच वर्षं नायजेरियात बियाफ्राचं, म्हणजे फुटून निघालेल्या पूर्व भागाशी, यादवी युद्ध चाललं. लाखो माणसं गेली, त्यातली बरीच उपासमारीने. युद्ध संपलं तेव्हा लष्करी राजवटीचे प्रमुख होते जनरल याकुबू गोवोन. सत्तेवर आले तेव्हा जेमतेम एकतीस वर्षांचे. हरलेल्यांवर त्यांनी सूड उगवला नाही, हे त्यांच्या खात्यावर मांडायलाच हवं. पुढे १९७३-७४ मध्ये तेलाचा भाव पिंपाला तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला आणि सरकारकडे पैशाचा लोंढा आला. रस्ते बांधायचे, घरं बांधायची, फुगलेल्या फौजेसाठी बराकी बांधायच्या. सगळ्याला सिमेंट हवं.

मग संरक्षण खात्याने करार केले. एकशे नऊ करार, अडुसष्ट पुरवठादार, एक कोटी साठ लाख टनांहून जास्त सिमेंट, किंमत जवळपास एक अब्ज डॉलर. लागोसच्या आपापा बंदराची वर्षभराची ताकद यातला लहानसा हिस्सा उतरवून घेण्याइतकीच होती. १९७५ च्या जुलैत बाहेर चारशेवर जहाजं नांगर टाकून उभी होती. त्यातली दोनशे साठ सिमेंटची. खोळंब्याचं डेमरेज, म्हणजे वेळेत माल उतरवून न घेतल्याबद्दल द्यायची भरपाई, प्रत्येक जहाजामागे रोजची साडेतीन-चार हजार डॉलर. दमट समुद्री हवेत सिमेंटचं काय होतं ते सांगायला नको.

हसणारे इथे थांबतात. पण या खरेदीवरून अमेरिकेत खटला झाला, आणि १९८१ च्या त्या निकालपत्रात एक गोष्ट नोंदवलेली आहे: आधीच्या अनुभवावरून नायजेरियाची अपेक्षा होती की पुरवठादारांपैकी वीस टक्केच खरोखर माल पाठवतील. म्हणजे आकडा वेडेपणाने लिहिलेला नव्हता. बाकीचे नेहमीसारखे गायब होतील असा हिशेब करून मागणी फुगवली होती. आणि या वेळी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त जण माल घेऊन आले! का येणार नाहीत? त्यांतले कित्येकजण सिमेंट बनवणारे नव्हतेच, निव्वळ व्यापारी होते. मोडकळीला आलेलं जहाज भाड्याने घ्या, लागोससमोर उभं करा, ते नुसतं उभं राहिलं तरी कमावतं.

तरीही गोवोन सरकारला मी सोडणार नाही. एक खातं अब्ज डॉलरचा जुगार खेळतं आणि बंदर हे पेलेल का, हे आधी कोणी तपासत नाही, हे घडू शकलं कारण जाब विचारणारी संसदच नव्हती. ती जानेवारी १९६६ च्या लष्करी बंडात गेली होती. १९७६ पर्यंत सत्ता नागरी सरकारकडे देऊ, हे वचनही गोवोननी १९७४ च्या ऑक्टोबरात मागे घेतलं होतं. आफ्रिकी माणसाला राज्य चालवता येत नाही, असा जो अर्थ या किश्श्यातून हळूच सुचवला जातो तो म्हणूनच मला मान्य नाही. कोणालाही उत्तर द्यायचं नसलेल्या हातात चेकबुक दिलं की कातडीचा रंग कोणताही असो, असंच होतं.

२९ जुलै १९७५ ला गोवोन आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या परिषदेसाठी कंपालात असताना त्यांची सत्ता गेली. (पुढे ते इंग्लंडमध्ये वॉरिक विद्यापीठात राज्यशास्त्र शिकले.) नवे प्रमुख मुर्तला मुहम्मद यांनी हजारो अधिकारी घरी बसवले आणि सिमेंटचे करार मोडले. मध्यवर्ती बँकेने पतपत्रांचे पैसे अडवले. इथे माझ्या धंद्यातला माणूस जागा होतो: रद्द न होणारं पतपत्र असं एकतर्फी अडवता येत नाही. सगळा व्यापार त्या भरवशावर चालतो. मुर्तला स्वतः फेब्रुवारी १९७६ मध्ये लागोसच्या रस्त्यावर मारले गेले. दावे मात्र चालू राहिले.

त्यातला ट्रेंडटेक्स नावाच्या स्विस कंपनीचा दावा लंडनच्या न्यायालयात गेला. १९७७ मध्ये लॉर्ड डेनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की ‘सार्वभौम देशावर परक्या कोर्टात दावा चालत नाही’ या सबबीच्या आड मध्यवर्ती बँकेला लपता येणार नाही. त्याच वर्षी लागोसमध्ये फेस्टॅक हा जगभरच्या कृष्णवर्णीयांचा कलामहोत्सव भरला. त्याचं बोधचिन्ह होतं राणी इडियाचा हस्तिदंती मुखवटा, १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने आजच्या नायजेरियातलं बेनिनचं राज्य लुटून नेलेला. महोत्सवापुरता तरी द्या, अशी नायजेरियाची मागणी होती. ब्रिटिश म्युझियमने तो दिला नाही, आणि बेनिनच्या कारागिरांनी नवा कोरला. तो लुटीचा हिशेब कुठल्या कोर्टात मांडायचा?

ट्रेंडटेक्सचं पुढे काय झालं, तेही ऐका. त्यांच्या दाव्याची मूळ रक्कम सुमारे एक कोटी चाळीस लाख डॉलर. कर्जात बुडालेल्या कंपनीने तो दावा क्रेडिट स्विस बँकेच्या हवाली केला. बँकेने तो अकरा लाख डॉलरला एका निनावी तिसऱ्या पक्षाला विकला. काही आठवड्यांतच नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने तो मिटवला, ऐंशी लाख डॉलर मोजून.