ब्रेकियल प्लेक्सस पाठ करण्याआधी पाच रंगांची लोकर घ्या

परवा एक ज्युनियर म्हणाली, मॅडम ब्रेकियल प्लेक्ससची आकृती दहादा काढली तरी व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, उभं राहिलं की सगळं पुसलं जातं. मला तिचं अगदी पटलं कारण आपल्याकडे हा विषय, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं हे जाळं, शिकवतातच तसा, रूट ट्रंक डिव्हिजन कॉर्ड ब्रँच असा मंत्र म्हणायचा, बाण काढायचे आणि पुढे जायचं. पण हा गुंता नाहीचे मुळात, ही वाटणी आहे, आणि कसली वाटणी ते एकदा कळलं की आकृती आपोआप हातातून उतरते.

मी तिला लोकर घेऊन बसवलं. पाच रंगांचे पाच धागे, टेबलाच्या कडेला एकाखाली एक चिकटवले, प्रत्येक धागा म्हणजे मणक्यांमधून निघणाऱ्या नसेचं एक मूळ, मानेतली सी५, सी६, सी७, सी८ आणि छातीतलं पहिलं टी१. (मानेत मणके सातच आहेत, मग सी८ कुठून आला हे विचारायची लाज वाटून घेऊ नका, पहिल्या मणक्याच्या वरूनही एक जोडी निघते म्हणून आठ होतात.) आता वरचे दोन धागे एकत्र घ्या, खालचे दोन एकत्र घ्या, मधला एकटाच जाऊदे, झाले तीन ट्रंक. मग प्रत्येक ट्रंकचे दोन भाग करा, एक पुढचा एक मागचा, हे साधारण कॉलर बोनच्या मागे घडतं. आणि आता खरी गंमत, मागचे तिन्ही भाग एकत्र आले की पोस्टीरियर कॉर्ड, पुढच्यातले वरचे दोन मिळून लॅटरल कॉर्ड, आणि खालचा एकटा राहिला तो मीडियल कॉर्ड. तिने मागचं जुडगं उचलून बघितलं तर त्यात पाचही रंग होते, आणि ती गप्पच झाली एकदम.

कारण सगळं त्या पुढे-मागे मध्येच आहे. गर्भात हात फुटतो तेव्हा त्यात स्नायूंचे दोन थर असतात, पुढचा वाकवणारा आणि मागचा सरळ करणारा, आणि प्लेक्सस काय करतो तर मानेतून आलेले तंतू या दोन थरांसाठी वेगळे करून देतो. म्हणून कोपर सरळ करणं, मनगट वर उचलणं, बोटं उघडणं ही सगळी कामं रेडियल नसेकडे, जी पोस्टीरियर कॉर्डमधून येते. वाकवणं आणि मूठ आवळणं मात्र मस्क्युलोक्युटेनियस, मीडियन आणि अल्नार या नसांकडे, या तिघी पुढच्या बाजूच्या. एवढं धरून ठेवलं तरी अर्धा पेपर सुटतो.

डिसेक्शन हॉलमध्ये काखेत पहिल्यांदा बघाल तेव्हा सगळं एकाच रंगाचं दिसेल, पांढरट दोऱ्या आणि चरबी, काहीच कळत नाही. तेव्हा घाबरून वरून मोजायला जाऊ नका, खालून सुरू करा. कोराकोब्रॅकियालिस नावाच्या स्नायूला भोसकून आत शिरणारी नस शोधा, तीच मस्क्युलोक्युटेनियस, दुसरी कुठलीच असं करत नाही. तिला फोर्सेप्सने हलकंच उचललं की शेजारून मीडियन वर येते, मीडियनला दोन मुळं, एक लॅटरल कॉर्डचं एक मीडियल कॉर्डचं, मधे धमनी, आणि पलीकडे अल्नार. धमनीवर चक्क इंग्रजी एम अक्षर पसरलेलं दिसतं. मला तो क्षण अजून आठवतो, पुस्तकातली रेघ बोटाखाली आली होती.

आता हे सगळं कशाला, तर पेशंटसाठी. बाइकवरून पडताना डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला गेला की वरचे धागे तुटतात, सी५ सी६. मग हात खांद्यातून उचलता येत नाही, कोपर वाकत नाही, हात अंगाला चिकटून आतल्या बाजूला वळलेला लटकतो. बाळंतपणात बाळाचा खांदा अडकला तरी हेच होऊ शकतं, यालाच अर्ब पाल्सी म्हणतात. खालचे सी८ टी१ गेले तर खांदा ठीक, पण पंजातले बारीक स्नायू जातात. त्यात त्याच बाजूची पापणी खाली आली आणि बाहुली बारीक दिसली तर टी१ अगदी मणक्याजवळ उपटला गेल्याची शंका घ्यायची, कारण डोळ्याकडे जाणारे सिम्पथेटिक (नकळत चालणारी कामं सांभाळणारे) तंतू तिथूनच निघतात. म्हणजे हाताची इजा डोळ्यात दिसते, यापेक्षा सुंदर अॅनाटॉमी मला माहीत नाही. तसंच खांद्याच्या मागचं पातं बाहेर आलं का हेही बघायचं, पातं धरून ठेवणाऱ्या स्नायूची नस, लाँग थोरॅसिक, ही थेट मुळांमधून निघते, ती गेली असेल तर इजा खूप वर आहे.

आणि वर असणं वाईट, कारण नस वाढते दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मानेपासून पंजा ६०-७० सेंटीमीटर, करा हिशोब, दीड-दोन वर्षं. तोवर स्नायू वाट बघत नाही, तो सुकतो. म्हणून १९९४ साली ओबर्लिन या फ्रेंच सर्जननी वेगळाच रस्ता सांगितला, दंडातच चालू असलेल्या अल्नारमधला एक छोटा जुडगा काढून बायसेप्सच्या नसेला जोडायचा, म्हणजे अंतर काही सेंटीमीटरच उरतं.

अशा पेशंटसोबत मी काम केलंय. सुरुवातीला त्याला कोपर वाकव म्हणून सांगितलं तरी काहीच होत नाही, कारण ते तंतू कालपर्यंत मनगट वाकवायचे. म्हणून मी सांगायचे, मूठ आवळा, मनगट आत वाकवा, आणि माझी बोटं त्याच्या बायसेप्सवर ठेवायचे. कित्येक आठवडे काही नाही. मग एका सकाळी त्याने मूठ आवळली आणि बोटाखाली काहीतरी हललं, इतकं पुसट की मी त्याला परत आवळायला सांगितलं, आणि ते परत हललं.