मागचे स्पीकर हळू, आणि दोष निघाला छतात

"मागचे स्पीकर गेले" असा फोन आला की मी आधी एवढंच विचारतो, बंद आहेत का हळू आहेत? बंद असले तर बरं असतं, कुठेतरी काहीतरी तुटलेलं असतं आणि ते सापडतं. हळू म्हणाले की मी मल्टीमीटर, साउंड मीटर, वायरचं बंडल सगळं बॅगेत टाकतो, कारण हळू वाजण्यामागे एकच कारण क्वचित असतं, दोन-तीन गोष्टी एकावर एक बसलेल्या असतात आणि त्यातली एक काढली की लोक म्हणतात थोडा फरक पडला पण पहिल्यासारखं नाही. नागपुरात मानेवाड्याचं हे काम त्यातलंच. लिहून ठेवतोय कारण ते लोक चांगला चालता सेट फेकून पंधरा हजाराचा नवा घ्यायला निघाले होते.

नवतपा (मेच्या शेवटाचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागलेला, दुपारी रस्त्यावर माणूस नाही, आणि घर वरच्या मजल्यावर, म्हणजे स्लॅब तापलेला. कॉम्प्युटरला फाइव्ह पॉइंट वनचा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) साधा सेट, टेबलाखाली सबवूफर, म्हणजे खर्जाचा डबा, ॲम्प्लिफायरही त्याच्यातच, पुढचे तीन स्पीकर मॉनिटरजवळ आणि मागचे दोन दिवाणाच्या मागे पार छताला लागून कोपऱ्यात. त्या दोघांच्या मधल्या खिडकीत कूलर. दिवसा नातू गेम खेळतो, रात्री आजोबा पिक्चर पाहतात. आजोबा रेल्वेतून रिटायर, त्यांनी मला बसूही दिलं नाही, म्हणाले, "बाबू, थंडीत याच्यात पाऊस मागून पडे. आता मागून काहीच नाही येऊन राहिलं." नातवाचं म्हणणं वेगळं, "दादा, गेममध्ये मागून कोण आलं ते समजतच नाही, फुकटचा मारला जातो मी." आणि ताई म्हणाल्या की आधी एक जण पाहून गेला, त्याने कान लावून ऐकलं आणि सांगितलं की ॲम्प्लिफायर गेला, रिपेअर होत नाही, सेटच बदला.

हे मला पटलंच नाही. अशा सेटमध्ये बहुतेक प्रत्येक चॅनेलला, म्हणजे प्रत्येक स्पीकरच्या आवाजाला, वेगळी आयसी (चिप) असते, टीडीए २०३० किंवा तिच्यासारखी, आणि ती गेली की शक्यतो चॅनेल मरतो, नाहीतर घुंईऽऽ असा हम देतो, नाहीतर आवाज फाटतो. दोन आयसी एकाच वेळी, एकसारख्याच, फक्त हळू होणं आणि आवाज मात्र स्वच्छ राहणं, असं मी तरी पाहिलेलं नाही. कान लावून ऐकून सेट बदला सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, समोरच्याच्या घरातले पैसे असतात ते.

म्हणून आधी विचारलं, थंडीपासून आतापर्यंत या खोलीत काय काय बदललं? आधी काहीच नाही म्हणाले. मग एकेक निघालं. फेब्रुवारीत कॉम्प्युटर फॉरमॅट मारला. होळीनंतर पीओपीचं छत केलं. एप्रिलमध्ये कूलर लागला. मी म्हटलं झालं, आता क्रमाने जाऊ.

कॉम्प्युटरपासून सुरुवात केली. नातवाने फॉरमॅटनंतर स्वतःच कॉन्फिगरमध्ये फाइव्ह पॉइंट वन निवडलं होतं, ते बरोबर होतं. मागे पिनाही बरोबर, हिरवी पुढच्यांची, काळी मागच्यांची, केशरी सेंटर आणि सबवूफरची. (ज्यांच्या मदरबोर्डाला मागे तीनच जॅक असतात त्यांच्याकडे मागचे स्पीकर बहुतेक निळ्या जॅकवर जातात आणि ते सॉफ्टवेअरमधून सांगावं लागतं, तिथे खूप जण अडकतात.) पण मुलाने काय केलं होतं, लेव्हल्समध्ये बॅलन्स उघडून मागचे दोन्ही १०० वर आणि पुढचे ६० वर आणून ठेवले होते. त्यामुळे मोजमाप करायलाच जागा नाही, म्हणून सगळे सारखे केले.

मग विचारलं, तू ऐकतोस काय? त्याने ब्राउझरमध्ये गाणं लावलं. आता गाणं म्हणजे स्टीरिओ, दोनच चॅनेल, त्यात मागच्यांसाठी काही नसतंच, मग मागून येणार कुठून? थंडीत येत होतं कारण तेव्हा साउंड ड्रायव्हरमध्ये (आवाज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) स्पीकर फिल नावाचा ऑप्शन चालू होता, तो पुढचाच आवाज मागेही भरतो. फॉरमॅट करणाऱ्याने बोर्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर न टाकता विंडोजचा साधा राहू दिला, ऑप्शन गेला. बोर्डाच्या साइटवरून ड्रायव्हर टाकला, स्पीकर फिल लावलं, गाणी मागून यायला लागली. पण हळूच. गेम आणि आजोबांचे पिक्चर तर खरेच सहा चॅनेलचे, त्यात मागचा आवाज आधीपासून जात होता, तरी तक्रार होतीच ना.

इथून पुढे पिक्चर लावून तपासण्यात अर्थ नसतो. पिक्चरमध्ये मागच्यांना पाऊस, वारा, गर्दी असंच काम दिलेलं असतं आणि ते मुळातच पुढच्यापेक्षा बारीक असतं, त्यावरून स्पीकर हळू का पिक्चर हळू हे सांगता येत नाही. मी पिंक नॉइज (सगळ्या पट्टीत पसरलेला एकसारखा खरखराट) लावतो, प्रत्येक चॅनेलला सारखाच, आणि माणूस बसतो तिथे कानाच्या उंचीवर मीटर धरतो. त्यासाठी कूलर बंद करायला लावला. दोन मिनिटांत सगळे घामाघूम, पण कोणी उठलं नाही. पुढचे ७२ डेसिबल, मागचे ६३. म्हणजे नऊचा फरक, आणि दहाचा फरक कानाला साधारण अर्धा आवाज वाटतो, त्यामुळे आजोबा काही उगाच म्हणत नव्हते.

आता अदलाबदल. सबवूफरच्या मागे हिरवी पिन काळीच्या जागी आणि काळी हिरवीच्या जागी लावली. मागच्यांचा सिग्नल पुढच्या स्पीकरमधून आला तो दणदणीत, आणि पुढच्यांचा सिग्नल मागून आला तो तसाच मेंगळट. म्हणजे कॉम्प्युटर सुटला. मग स्टूल घेऊन चढलो, मागचा एक स्पीकर खिळ्यावरून काढला, खाली आणून टेबलावर ठेवला आणि हातभर वायरने थेट सबवूफरच्या रिअरच्या क्लिपला जोडला. आजोबा खुर्चीतून पुढे झाले, "अरे, हा तर ओरडून राहिला!" ॲम्प्लिफायरही सुटला, स्पीकरही सुटला. उरली वायर, जी आता छताच्या आत होती.

मल्टीमीटर लावला. स्पीकरच्या टोकांवर ३.५ ओहम (करंटला किती अडवलं जातं त्याचं माप), चार ओहमच्या स्पीकरला तेवढा येतोच. तोच स्पीकर परत वर लावून सबवूफरच्या टोकाकडून मोजला तर ६.८. म्हणजे वायरच तीन ओहमच्या वर खात होती! पीओपीवाल्यांनी जुनी वायर काढून टाकली होती आणि डोअरबेलची बारीक वायर भिंतीने वर, छताच्या कडेकडेने फिरवून कोपऱ्यात नेली होती, एका बाजूची चौदा मीटर तरी असेल, जाऊन येऊन अठ्ठावीस. चार ओहमच्या स्पीकरच्या वाटेत तीन ओहम उभे केले तर पाच डेसिबल तिथेच गेले. आणि दोन्ही बाजूंना तीच वायर, जवळपास तेवढीच लांबी, म्हणून दोन्ही सारखेच हळू.

लाइटची वाटी काढून छतात हात घातला तर जॉइंट हाताला लागला. पीळ मारलेला, त्यावर सेलोटेप! इन्सुलेशन टेप नाही, वह्यांना लावतो ती. स्लॅबच्या उष्णतेने तिचा गोंद वितळून चिकट झालेला आणि आतली तार काळी पडलेली. जरा खरडली तर आत पांढरट निघाली, म्हणजे तांबंही पूर्ण नाही, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. असली वायर खऱ्या तांब्यापेक्षा जास्त आवाज खाते.

अजून एक शंका होती. पुढच्यांच्या मानाने मागचा आवाज नुसता हळू नव्हता, पोकळ होता, खर्ज नव्हताच. साधा पेन्सिल सेल घेतला, नातवाला मोबाईलचा टॉर्च देऊन वर पाहायला लावलं आणि सबवूफरकडच्या टोकांना सेल टेकवला. डाव्या स्पीकरचा पडदा बाहेर उचलला, उजव्याचा आत गेला. म्हणजे जॉइंट मारताना एका बाजूची प्लस-मायनस उलटी झालेली. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि मध्ये बसलेल्या माणसापर्यंत दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. त्या मुलाने तो सेल माझ्याकडून घेतला आणि स्वतः परत करून पाहिलं, मला फार बरं वाटलं ते.

बर्डीच्या बाजारातून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणली. तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला तेराएक ओहम, म्हणजे अठ्ठावीस मीटरला अर्धा ओहमही नाही, नुकसान एक डेसिबलच्या आत. छतातून नेलीच नाही, स्कर्टिंगवरून पट्टीत नेली, लांबीही कमी झाली. आणि स्पीकर छताजवळून खाली आणले. आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची) बीएस ७७५ नावाची शिफारस १९९२ पासून आहे, तिच्यात मागचे स्पीकर ऐकणाऱ्याच्या नाकासमोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांत सांगितलेत, म्हणजे पार मागे नाही, बाजूला आणि थोडे मागे. दिवाणाच्या दोन्ही अंगांना, बसल्यावर कानाच्या जरा वर, तोंड आत वळवून लावले. परत मोजले तर ७१. उरलेला एक डेसिबल पुढचे स्लायडर थोडे खाली घेऊन जुळवला.

मग कूलर चालू केला आणि परत मागचं कमी वाटायला लागलं. स्पीकर सगळे बंद करून नुसता कूलर मोजला तर बसायच्या जागी ६४! म्हणजे वायर बदलायच्या आधी मागून जे ६३ येत होतं ते कूलरच्या फुर्रर्रखाली पूर्ण बुडत होतं, आणि कूलरचा आवाजही पावसासारखाच सगळ्या पट्टीत पसरलेला, त्यात बारीक पाऊस कसा ऐकू येणार. आणि कूलरही मागेच, त्याच बाजूला. पुढचा आवाज त्यातून वाट काढतो कारण बोलणं असतं, मोठं असतं. पंखा स्लोवर केला तर मीटर ५६ वर आला, पण मे महिन्यात नागपुरात कोणाला कूलर स्लो करा म्हणून सांगणं मला बरोबर वाटत नाही. म्हणून उन्हाळ्यापुरते मागचे पुढच्यापेक्षा तीन डेसिबल वर ठेवून दिले आणि स्पीकर कूलरच्या झोतातून बाहेर सरकवले, त्या ओलाव्याने क्लिपांना हिरवं चढायला लागलंच होतं, त्या घासून घेतल्या.

आजोबांनी पावसाचाच सीन लावला, दोनदा मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, "हां, आता पडून राहिला." वायर आणि मजुरी मिळून नव्या सेटच्या दहाव्या हिश्श्याएवढाही खर्च नाही आला. ताईंना सांगितलं की छतातली जुनी वायर तशीच मेलेली राहू द्या, फक्त कोणी पुढे तिला काही जोडणार नाही एवढं बघा. आणि नातवाने स्लायडरचे दोन्ही आकडे, कूलर असतानाचे आणि नसतानाचे, मोबाईलमध्ये लिहून घेतले आणि ऑक्टोबरचं रिमाइंडर लावून ठेवलं, कूलर निघाला की मागचं परत खाली आणायचं म्हणून.