मांडीचं हाड डावं की उजवं?

एम.ए.ला मानवशास्त्र घेतलं, पण पदवी इतिहासाची. पहिल्या चाचणीत टेबलावर मांडीचं हाड ठेवलं होतं. मी ‘उजवं’ लिहिलं, निघालं डावं. 206 हाडांचा आकडा पाठ होता, पण हाड धरायचं कसं ते कुणी हातात देऊन शिकवलं नव्हतं. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मग तास संपल्यावर लॅबमध्ये थांबायला लागले. एक सीनिअर ताई म्हणाली, “डोळे मीट आणि बोट फिरव.” या हाडाच्या मागच्या अंगाला वरून खाली एक खरखरीत धार जाते. मांडीचे स्नायू तिथे चिकटतात. ती धार आपल्याकडे करायची, गोल डोकं वर ठेवायचं. डोकं खुब्याच्या खोबणीत, म्हणजे शरीराच्या आतल्या बाजूला वळलेलं असतं. म्हणून ते डावीकडे वळलं असेल तर हाड उजव्या पायाचं. मी ते स्वतःच्या मांडीलगत धरून पाहिलं आणि पुन्हा कधी चुकले नाही.

कमरेच्या हाडाचंही तसंच. मागच्या मोठ्या खाचेत अंगठा घालायचा. ऐसपैस हलला तर बहुधा बाई, अडकला तर बहुधा पुरुष. मॅडमनी ‘बहुधा’ला दोनदा अधोरेखित करायला लावलं.

शीर्षनिर्देशांक मात्र मला सोपा वाटला होता. डोक्याची रुंदी भागिले लांबी, गुणिले 100. कॅलिपरची टोकं मैत्रिणीच्या डोक्याला हलकेच टेकवली. लांबी 180 मिलिमीटर, रुंदी 141. उत्तर 78.3, म्हणजे मध्यम डोकं. 75च्या खाली लांबट, 80च्या वर रुंद. गणित जमलं म्हणून खूश होते, तेवढ्यात मॅडमनी इरावती कर्वे यांच्या बर्लिनमधल्या पीएच.डी.ची गोष्ट सांगितली. कवटीची डावी-उजवी बाजू किती विषम आहे हे वंशावर ठरतं आणि त्यावरून गोरे युरोपीय श्रेष्ठ दिसतील, अशी त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, हेच प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, आपल्याच गाइडसमोर! तेव्हापासून मी वहीत प्रत्येक मापाखाली दोन रकाने आखते: यावरून काय कळतं, काय कळत नाही.

वार्षिक तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी एका लहान मुलाच्या कवटीची प्रतिकृती पुढे सरकवली. “मुलगा की मुलगी?”

घशाला कोरड पडली. जबडा उलटा करून दात पाहिले.

“सर, ते नुसत्या कवटीवरून खात्रीनं सांगता येणार नाही. ते फरक वयात येताना उमटतात. वय सांगू का?”

“सांगा.”

“पहिली कायमची दाढ पूर्ण वर आलीय, दुसरी अजून आत आहे. सहाच्या पुढे, बाराच्या आत.”

सरांनी मान डोलावली आणि पुढचं हाड उचललं. मांडीचंच होतं.