पाण्याला प्रेशर नाही

डोंबिवलीत आमची बिल्डिंग तळ अधिक चार, लिफ्ट नाही, आणि आम्ही चौथ्यावर. घर घेताना एजंट म्हणाला होता, ताई वरचा मजला म्हणजे हवा, उजेड, डोक्यावर कोणी नाचणार नाही. सगळं खरं निघालं, फक्त डोक्यावर जी टाकी असते ती शेजारधर्म पाळत नाही हे त्याने सांगितलं नाही. आमच्याकडे पाहुणे आले की चहाच्या आधी सूचना द्यावी लागायची, की शॉवर सोडू नका, बादली भरायला लावून जरा पेपर वाचा. शॉवर सोडलाच तर पाणी भिंतीला धरून हळूहळू उतरायचं, म्हातारं माणूस जिना उतरतं तसं. गॅस गीझर तर पेटायलाच तयार नसायचा, कारण त्याला पाण्याने आतून नीट ढकलावं लागतं तेव्हा ठिणगी पडते, आणि आमचं पाणी ढकलायचं नाही, विनंती करायचं. तळमजल्यावरच्या काकू मात्र दर महिन्याला तक्रार करायच्या की नळ सोडला की भांड्यावरून पाणी उडून गाऊन भिजतो. ते ऐकताना मला काय वाटायचं ते लिहिण्यासारखं नाही.

प्लंबर झाले तीन. पहिला म्हणाला हवा धरलीय, त्याने नळ काढून पाईपला तोंड लावून जोरात फुंकर मारली, आत गडगड आवाज झाला, दोन दिवस बरं गेलं. दुसऱ्याने शॉवरची जाळी काढून व्हिनेगरमध्ये बुडवली, क्षार निघाले, त्याचा खरंच थोडा फायदा झाला. तिसरा म्हणाला पाईप अर्धा इंची आहे तो पाऊण इंची करा, आणि त्याचंही अगदीच चूक नव्हतं, बारीक पाईपात पाणी भिंतींना घासत घासत येतं आणि त्यात दमतं. पण बसलेलं पाणी आणि वाहणारं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा कुठे माहीत होतं. मी आपली दर वेळी पाचशेची नोट काढून देत होते.

मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. आमच्या बाजूच्या लाईनला हजार लिटरची टाकी होती, तिला तडा गेलेला. सेक्रेटरी काका म्हणाले दोन हजारची घेऊ, पाणी डबल म्हणजे वजन डबल, वजन डबल म्हणजे प्रेशर डबल. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, मी हातसुद्धा वर केला.

घरी येऊन लेकीला सांगितलं तर ती आठवीतली पोरगी वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, काही उपयोग नाही." त्यांना तेव्हा 'बल व दाब' चालू होता. मी म्हटलं अगं एवढी मोठी माणसं ठरवतायत. तर तिने पट्टी घेतली आणि वहीच्या मागच्या पानावर एक उभा, काडीसारखा बारीक खांब काढला. म्हणे हा एक सेंटिमीटर बाय एक सेंटिमीटर, उंची दहा मीटर म्हणजे हजार सेंटिमीटर. आत पाणी किती मावेल? हजार घन सेंटिमीटर, म्हणजे एक लिटर, म्हणजे एक किलो. म्हणजे दहा मीटर पाण्याखाली दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा भार. आता या काडीच्या शेजारी दुसरी काडी उभी केली तर पहिलीच्या बुडावर काय फरक पडणार? दुसरीचा भार दुसरीच्या बुडावर. टाकी आडवी कितीही पसरव, तू काड्या वाढवतेयस, उंची वाढवत नाहीयेस.

मला हे इतकं सोपं वाटलं की थोडा रागच आला. मी स्वतः सायन्स घेऊन बारावी केलीय, दाब बरोबर उंची गुणिले घनता गुणिले g, म्हणजे गुरुत्वाकर्षणाची ओढ, हे झोपेत लिहिलं असतं. पण ते पेपरात लिहायचं होतं, बाथरूममध्ये वापरायचं असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग आम्ही दोघी टेप घेऊन गच्चीत गेलो. टाकी विटांच्या फूटभर ओट्यावर, त्याखाली आमचा स्लॅब, शॉवरचं तोंड स्लॅबच्या तीन फूट खाली. म्हणजे टाकीच्या बुडापासून आमच्या शॉवरपर्यंत सगळे मिळून चार फूट, मीटरमध्ये सव्वा. दर चौरस सेंटिमीटरवर साधारण बारा शतांश किलो, एकशेवीस ग्रॅम! टाकी गच्च भरलेली असेल तर वरच्या पाण्याचे आणखी तीनचार फूट मिळतात, म्हणून सकाळी मोटर बंद झाल्या झाल्या आंघोळीला पळायचं हा आमच्या घरचा नियम, तो आम्ही न शिकता शोधलेला. आणि तळमजल्यावर? आणखी चार मजले, मजल्याला दहा फूट धरले तर चव्वेचाळीस फूट, एक किलो तीनशेच्या वर. आमच्या अकरापट. काकूंचा गाऊन भिजणारच.

लेक म्हणाली, आपली बिल्डिंग चंद्रावर नेली तर? तिथे गुरुत्वाकर्षण आपल्या सहावा भाग. तळमजल्याचं प्रेशर एक किलो तीनशेवरून सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास येईल. मला क्षणभर फार बरं वाटलं, मग लक्षात आलं की चंद्रावर जाऊनसुद्धा ते आमच्या इथल्या चौथ्या मजल्याच्या जवळजवळ दुप्पटच राहतात. काही लोकांचं नशीबच असतं.

आणि गुरुत्वाकर्षण नसतंच तर, असं मी विचारलं, स्पेस स्टेशनवर शॉवर कसा घेतात? तर त्यावर मला बोलणी बसली, कारण स्पेस स्टेशनवर गुरुत्वाकर्षण नसतं हे चूक आहे. ते चारशे किलोमीटरवर फिरतं, तिथे पृथ्वीची ओढ इथल्या जवळजवळ नव्वद टक्के असतेच, फक्त स्टेशन आणि आतली माणसं आणि त्यांचं पाणी सगळेच एकत्र पडत असतात, पडता पडता पृथ्वीला वळसा घालत असतात, त्यामुळे कोणाचाच कोणावर भार येत नाही. भार नाही म्हणजे दाब नाही, तिथे टाकी गच्चीवर काय आणि पायाशी काय. १९७३ च्या स्कायलॅब या अमेरिकन स्पेस स्टेशनमध्ये शॉवर होता म्हणे, गुंडाळून ठेवता येणारा, पाणी दाबाने सोडायचं आणि नंतर ओढून घ्यायचं. आता तेही नाही, ओला टॉवेल फिरवायचा. आमच्याकडचे पाहुणे तरी बरे.

हे सगळं मी पुढच्या मीटिंगमध्ये सांगितलं. म्हटलं टाकी मोठी नका घेऊ, टाकी उंच करा. काका म्हणाले, वहिनी, थिअरी वेगळी आणि प्रॅक्टिकल वेगळं. दोन हजारची टाकी आली, आधीचीपेक्षा जेमतेम पाऊण फूट उंच, पोटाने मात्र भरपूर, त्याच ओट्यावर बसली. आणि आमचा शॉवर भिंतीलाच धरून राहिला.

जुनी टाकी न्यायला भंगारवाला आला तेव्हा आणखी एक धडा झाला. त्याच्याकडे आकड्याचा ताणकाटा, स्प्रिंगवाला. तुकडे करून टाकी त्याला लटकवली, भाव ठरला किलोवर. लेक मला कानात म्हणाली, हा काटा किलो मोजतच नाही, ओढ मोजतो आणि वर किलो लिहून ठेवलंय. चंद्रावर हाच काटा एक षष्ठांश दाखवेल, पण जुन्या वाण्याचा दोन पारड्यांचा तराजू तिथेही तेवढंच दाखवेल, कारण दोन्ही पारड्यांची ओढ सारखीच कमी होते. वस्तुमान आणि वजन यातला फरक मला शाळेत दोन कॉलम करून शिकवला होता, पाच मुद्दे. भंगारवाल्याच्या काट्याखाली तो एका वाक्यात झाला. चंद्रावर भंगाराचा धंदा ताणकाट्याने केला तर काय कमाई होईल याचा विचार ती बराच वेळ करत होती, मी तिला आवरलं.

जुलैत खालची टाकी पावसाच्या पाण्यात गेली आणि मोटर जळली, दरवर्षीप्रमाणे. मग दुसऱ्या मजल्यावरच्या एका दादांनी सुचवलं की मोटर गच्चीतच ठेवा, पाणी वर ओढून घेईल, बुडायची भानगड नाही. हे ऐकून पुन्हा सगळ्यांच्या माना डोलल्या. या वेळी मी हात वर नाही केला. कारण स्ट्रॉ तोंडात धरून सरबत पितो तेव्हा आपण ओढतो असं वाटतं खरं, पण आपण फक्त आतली हवा काढतो, सरबत वर ढकलते ती बाहेरची हवा. आणि हवेची ताकद किती, तर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, म्हणजे पाण्याचा दहा मीटरचा खांब. थोडं जास्त, १०.३ मीटर. त्याच्या वर तुम्ही आभाळाएवढी मोटर लावा, ओढून पाणी येत नाही. इटलीत सतराव्या शतकात पंपवाल्यांना याचंच कोडं पडलं होतं, गॅलिलिओनेही ते लिहून ठेवलंय, आणि त्याचा शिष्य टॉरिसेली याने १६४३ मध्ये पाण्याऐवजी पारा घेऊन काचेच्या नळीत दाखवलं की पारा ७६ सेंटिमीटरला थांबतो कारण बाहेरची हवा तेवढाच पेलू शकते. प्रत्यक्षात तर सातआठ मीटरलाच दम लागतो. आमची गच्ची खालच्या टाकीपासून पंधरा मीटर. मोटर खालीच राहणार, फार तर दोन फुटी कट्ट्यावर. हे मात्र सगळ्यांनी ऐकलं, बहुतेक टॉरिसेलीचं नाव घेतल्यामुळे. माझ्या लेकीचं नाव घेतलं असतं तर ऐकलं नसतं.

त्याच भरात टाकीखाली स्टँड करायचाही ठराव झाला. लोखंडी, अडीच इंची अँगलचा, ओट्यापासून पाच फूट. वेल्डर आला, तरुण पोरगा, त्याने आधी खाली बीम कुठून गेलाय ते विचारलं, पाय त्याच्यावरच येतील असे खुणा केल्या, आणि म्हणाला, "ताई, पायाखाली प्लेटा मारतो, नायतर स्लॅबला टोचंल."

टोचंल. मी एकदम खटावात पोचले. माझी आई विहिरीवरून हंडा आणायची, भरलेला पंधरा लिटरचा, हंड्याचं बूड गोल, डोकं गोल, दोघं एकमेकांना टेकणार तरी किती, रुपयाच्या नाण्याएवढे. म्हणून चुंबळ. जुन्या लुगड्याचा पट्टा पिळून केलेली, मधे खोलगट, कडेला जाड, आईची चुंबळ निळ्या काठाची होती आणि कायम ओली, तिला पितळेचा वास यायचा. लहानपणी मी चुंबळ न घेता छोटी कळशी डोक्यावर घेतली होती, दहा पावलांत टाळू दुखायला लागली, कळशी काही जड नव्हती. आई म्हणाली, भार न्हाई दुखत बाई, टोक दुखतंय. पंधरा किलो नाण्याएवढ्या जागेवर म्हणजे चौरस सेंटिमीटरला तीनेक किलो, तेच चुंबळीवर तळहाताएवढ्या जागेत पसरले की दीडशे ग्रॅमसुद्धा नाही. हंडा तेवढाच, मान तेवढीच वाकते, फक्त टाळू वाचते. मानेचं दुखणं तिला अजून आहे, ते चुंबळीने जात नाही.

वेल्डरचाही हिशोब आम्ही केला. दोन हजार लिटर म्हणजे दोन टन, टाकी आणि स्टँडचं वजन सोडून. चार अँगलच्या नुसत्या कडा टेकल्या तर सगळं मिळून तीस चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सहासष्ट किलो. आठ बाय आठ इंचाच्या चार प्लेटा मारल्या की सोळाशे चौरस सेंटिमीटर, सव्वा किलो. त्याने हे काही कागदावर केलं नव्हतं, त्याच्या उस्तादाने सांगितलेलं की प्लेट मारायची म्हणून मारायची. लेकीने त्याला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, तेच की.

स्टँड झाला. चार फुटांचे नऊ झाले, आमचं प्रेशर दुपटीच्या वर गेलं. तळमजल्याचे चव्वेचाळीसचे एकोणपन्नास झाले, काकूंना पत्ताही लागला नाही. गीझर पहिल्या फटक्यात पेटला, भप्प आवाज झाला तर मी दचकले.

दिवाळीत आई आली. तिला गच्चीत नेऊन दाखवलं, टाकी, स्टँड, प्लेटा. ती खाली वाकून प्लेटांकडे बघत राहिली, मग म्हणाली, चुंबळ दिलीया की. आणि मग विचारलं, एवढं पाणी वर चढवतं कोण? मी मोटर दाखवली. हजार लिटर पंधरा मीटर वर न्यायचे म्हणजे तिचे सदुसष्ट हंडे, पाच मजले चढून. कागदावर त्याला लागते एका युनिटचा पंचविसावा भाग, मोटर बरीच वीज वाया घालवते म्हणून पाव युनिट धरा, म्हणजे दोनतीन रुपयांचं काम. हे मी तिला सांगितलं. ती काही बोलली नाही, आपल्या मानेवर हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेली, शॉवर सोडला, आणि आतून ओरडली की बंद कर हे, पाणी फुकट चाललंय. बाहेर आल्यावर तिने बाथरूमचा कॉक अर्धा फिरवून ठेवला. आई परत गावी गेली तरी तो अजून तसाच आहे, आणि पाणी पुन्हा भिंतीला धरून उतरतंय.