सहसंस्थापक शोधण्यात गेलेला एक हंगाम

तासगावजवळ आमचं बेदाण्याचं शेड आहे. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून जाळीवर पसरली की पुढचे पंधरा-वीस दिवस जीव टांगणीला. अवकाळी आला, शेडमध्ये दमटपणा वाढला, की माल काळा पडतो. तो दमटपणा मोजून मोबाईलवर कळवणारं यंत्र मला करायचं होतं. शेड मला कळतं, सर्किट कळत नाही. म्हणून सहसंस्थापक हवा होता.

वाय कॉम्बिनेटर ही नव्या कंपन्यांना मदत करणारी अमेरिकी संस्था. तिची को-फाउंडर, म्हणजे सहसंस्थापक, जुळवून देणारी सोय फुकट आहे. तिथे आणि लिंक्डइनवर माहिती टाकली. ‘टेक्निकल पार्टनर हवा’ एवढ्यावर कोणी फिरकलं नाही. काळ्या पडलेल्या बेदाण्याचा फोटो टाकून किलोमागे किती भाव तुटतो ते लिहिलं, तेव्हा माणसं बोलायला लागली.

त्यातला पुण्याचा एक जण मनापासून आवडला. पहिल्याच फोनवर दोन तास बोललो. निम्मा-निम्मा वाटाही ठरला. नोव्हेंबरात मी कराराचा मसुदा पाठवला: वाटा एकदम हातात नाही, दोघांनीही तो चार वर्षांत कमवायचा, आणि वर्षाच्या आत जो सोडेल त्याला काहीच नाही. यालाच व्हेस्टिंग आणि क्लिफ म्हणतात. तो म्हणाला, ‘‘वीकेंडला वाचतो.’’ डिसेंबरात त्याच्या ऑफिसात रिलीज होतं. जानेवारीत घरी लग्न. निळ्या टिका दिसायच्या, उत्तर यायचं नाही. फेब्रुवारीत द्राक्षं शेडवर आली आणि बाबांनी विचारलं, ‘‘आलं का गं तुझं यंत्र?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री मी त्याला सरळ नियुक्तिपत्र दाखवायला सांगितलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: नोकरीत असेपर्यंत दुसरं काम करायचं नाही, आणि जे काही बनवाल ते कंपनीचं. हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! माझा राग अजून गेलेला नाही. नकार चालला असता. मी दुसरं माणूस शोधलं असतं. त्या ‘बघतो’मध्ये माझा अख्खा हंगाम गेला. नोकरदार माणसाशी बोलताय ना, मग नियुक्तिपत्राचं पहिल्याच फोनवर विचारा. पगाराशिवाय किती महिने घर चालेल, हेही तेव्हाच.

नंतर भेटली ती इचलकरंजीची, यंत्रमागांच्या कंट्रोल पॅनेलवर काम केलेली. या वेळी आधी सहा आठवडे एकत्र काम, मग वाट्याचं बोलणं. दुसऱ्याच रविवारी ती शेडवर आली, खालच्या जाळीखाली हात घालून थांबली, मग वरच्या. म्हणाली, ‘‘ताई, एक सेन्सर पुरायचा नाही. वर कोरडं आहे, खाली ओल आहे.’’ करार नऊ दिवसांत सही होऊन आला.

प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक लागतात. कंपनी नोंदणीचा स्पाइस प्लस फॉर्म सीएने भरला, त्रास नाही. फक्त पॅन आणि आधारवरचं नाव आधीच जुळवून घ्या. तिच्या आधारवर सासरचं आडनाव आणि पॅनवर माहेरचं, त्यामुळे डिजिटल सहीला काही दिवस जास्त लागले.

यंदा तीन सेन्सर बसवलेत. पहिला मेसेज रात्री अडीचला आला. बाबा बॅटरी घेऊन गेले, बाजूचे पडदे गुंडाळले आणि वारा आत घेतला.